पोर्थगारूच्या चिखलातल्या वैजयंतीताई

वैजयंतीताई खेर्डेकरांची आणि माझी ओळख कार्डिफच्या हॉस्पिटलातल्या लॅबमधली. मी पुण्याहून नवी आलेली, त्या सीनियर. पेशंटच्या नमुन्यांत जंतू शोधायचं आमचं काम, आणि आमच्या बाकावर यायचे ते बहुतेक शौचाचे नमुने. पहिल्याच आठवड्यात एक डबी उघडली आणि मी तोंडावर हात दाबून बाहेर पळाले. परत आले तर वैजयंतीताईंनी माझे सगळे नमुने उरकून टाकले होते. जेवणाच्या सुट्टीत त्या कँटीनमध्ये शांतपणे वरणभात खात होत्या आणि मी समोर कोरा चहा घेऊन बसले होते.

पण म्हणून त्यांना किळस येत नसे असं नाही. उलट किळस हा त्यांचा स्वभावच होता, फक्त तिची ठिकाणं वेगळी. कोणी टॉयलेटमधून हात न धुता बाहेर आलं की त्यांच्या कपाळावर आठी उमटे ती संध्याकाळपर्यंत जात नसे. पार्टीत एकाच वाटीत सगळ्यांनी चिप्स बुडवलेल्या पाहिल्या की त्या कोट घालून निघत. खोटं बोलणाऱ्या माणसाबद्दलही त्या "मला राग आला" असं म्हणत नसत. "मला मळमळलं" म्हणत.

त्यांचे यजमान, अवधूतराव, रिटायर झाल्यावर पुण्याला परत गेले. नदीकाठी फ्लॅट घेतला. वैजयंतीताई मूळच्या नागपूरच्या, पुण्याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. एकदा जाऊन फ्लॅट बघून आल्या. "मी म्हटलं, अहो, ती खिडकी उघडा जरा," त्यांनी मला सांगितलं. "तर म्हणतात, नको, नदीचा वास येतो. अन् याच नदीच्या व्ह्यूसाठी फ्लॅट घेतला बरं का!" त्या परत आल्या त्या आल्याच. नवरा-बायकोचं भांडण वगैरे काही नाही. रविवारी व्हिडिओ कॉल होई, तब्येतीच्या चौकशा होत. पण राहायचे दोघं आपापल्या देशात.

लॅबला खिडक्या नव्हत्या, त्यामुळे रिटायर झाल्यावर त्यांना समुद्र हवा होता. पश्चिम वेल्समधल्या पोर्थगारू नावाच्या लहानशा गावात त्यांनी छोटं घर घेतलं. उथळ खाडी, थोडी वाळू, बराचसा चिखल, वर डेअरीची कुरणं आणि टेकडीच्या कडेला एक कॅराव्हान पार्क, म्हणजे सुट्टीला येणाऱ्यांसाठी चाकांवरच्या घरांची वसाहत. पहिल्या महिन्यात मी भेटायला गेले तर त्या किनाऱ्यावर सडलेल्या शेवाळाचे ढीग ओलांडताना नाकाला रुमाल लावून चालत होत्या. मला वाटलं, या इथे टिकत नाहीत.

त्या टिकल्या त्या एका सडक्या वासामुळेच.

गावात हेलेड नावाची एक तरुण सागरी शास्त्रज्ञ होती. खाडीत समुद्रगवत पुन्हा लावायचं तिचं काम चाललं होतं. समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे, खरंखुरं गवत. त्याला मुळं असतात, पाण्याखाली फुलं येतात, बी धरतं. पोर्थगारूच्या खाडीत एके काळी त्याचं कुरण होतं. आधी त्यावर रोग आला, मग बोटींच्या नांगरांनी आणि गढूळ पाण्याने उरलंसुरलं संपवलं. कुरण गेलं तसे माशांची पिल्लं लपायची जागा गेली, लाटांचा जोर मोडणारं काही राहिलं नाही, आणि चिखलात मुळांनी धरून ठेवलेला शतकांचा कार्बन मोकळा झाला. हेलेडने हे सगळं गावच्या हॉलमध्ये सांगितलं आणि मदतीला माणसं मागितली. बरीच आली. उन्हाळ्यात तोंडात स्नॉर्केलची नळी लावून दुसऱ्या खाडीतून बियांच्या काड्या खुडायला तर हौशी लोकांची रांग लागली.

पुढचं काम मात्र कोणाला नको होतं. त्या काड्या टाकीत ठेवून कुजवाव्या लागतात. पानं कुजून गळतात तेव्हा बी तळाशी सुटतं. मग तो काळा, लिबलिबीत चिखल चाळणीवर धुऊन तांदळाच्या कणीएवढं बी वेचायचं. त्या शेडमध्ये सडक्या अंड्यांचा असा वास कोंडलेला असे की माणसं एकदा येत आणि दुसऱ्यांदा त्यांना काहीतरी महत्त्वाचं काम निघे. वैजयंतीताई आत गेल्या, हुंगलं, बाह्या वर केल्या आणि खुर्ची मागितली.

"हेलेड मला विचारते, तुम्हाला घाण वाटत नाही?" त्या फोनवर हसत होत्या. "मी म्हटलं, बाई, हे तर पानं कुजून राहिलीत. यात कोणाची लबाडी आहे?"

हिवाळ्यात ओहोटीला चिखलात उतरून बी पेरायचं. सुतार फटी बुजवायला वापरतात तसल्या पिचकारीत चिखल आणि बी कालवून भरायचं आणि जमिनीत टोचत जायचं. साठी ओलांडलेली ही नागपूरची बाई, जिने लग्न होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, ती कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून वाकून वाकून पेरणी करू लागली. दोन हिवाळे पेरलं. खाडीच्या मध्यावर हिरवा पट्टा धरला. मोठ्या ओहोटीला त्यावरून पाणी ओसरलं की पानं एका बाजूला विंचरल्यासारखी पडलेली दिसत. मला नेऊन दाखवलं त्यांनी. पानांखाली बोटभर लांबीची माशांची पिल्लं, एक पारदर्शक कोळंबी, आणि पानाला चिकटलेली कटलफिशची काळी अंडी, द्राक्षांच्या घडासारखी.

एम्लिन नावाचा खेकडे पकडणारा कोळी सुरुवातीला या कामाच्या विरोधात होता. त्याला वाटे, आज गवत लावतील, उद्या मासेमारी बंद करतील. ती पिल्लं पाहिल्यावर तो विरोध करायचा थांबला. मदत मात्र करत नसे. लांब उभा राहून पाइप ओढी.

याच सुमारास त्या कॅराव्हान पार्कचा मालक, मार्टिन प्रॉसर, कामाचा प्रायोजक झाला. पार्कचं नाव गोल्डन कोव्ह. प्रॉसरने हेलेडला वर्षभराचा खर्च दिला, शेडला नवं छप्पर घालून दिलं, आणि गेटवर भला मोठा फलक लावला: 'आमच्याबरोबर सुट्टी घालवा, समुद्रगवत वाचवा. कार्बन-न्यूट्रल हॉलिडे पार्क.' फलकावर पाण्यात डोलणारं गवत, आणि त्यात वैजयंतीताईंचा पाठमोरा फोटो. त्यांना न विचारता घेतलेला.

"पाठमोरा आहे म्हणून चालवून घेतलं," त्या म्हणाल्या. "तोंड असतं तर काढायला लावला असता." पण मनातून त्यांना बरं वाटलं असावं. कार्डिफच्या महाराष्ट्र मंडळातल्या दोन-तीन कुटुंबांना त्यांनी तो फोटो पाठवला होता.

त्या उन्हाळ्यात गवत बिघडलं. पानांवर तपकिरी, शेंबडासारखा थर चढू लागला. हाताने पुसला तरी आठवड्यात पुन्हा. हेलेड म्हणाली, पाण्यात खतासारखं काहीतरी जास्त येतंय, त्यावर ही शेवाळं माजतात, पानांना उजेड मिळत नाही आणि गवत गुदमरतं. पावसाने शेतातलं शेणखत वाहून येत असणार, असा सगळ्यांनी अंदाज केला. वर डेअरी होती एम्लिनच्या पुतण्याची, ह्यूची. गावच्या दुकानात लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. कोणीतरी त्याच्या फाटकावर 'समुद्राचा मारेकरी' असं रंगवलं. ह्यू सांगून थकला की त्याने या वर्षी खाडीकडच्या शेतात शेण टाकलेलंच नाही. कोणी ऐकलं नाही. वैजयंतीताईंनी त्याच्याकडून दूध घेणं थांबवलं नव्हतं, पण तो आला की त्या गप्प राहत. हे मी पाहिलंय.

ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला पार्कवर 'क्लायमेट वीकेंड' ठरला. वैजयंतीताईंचा मुलगा अंशुमन मँचेस्टरहून येणार होता. तो कार्डिफमध्येच जन्मलेला, आता एका कन्सल्टिंग फर्ममध्ये, कंपन्यांना पर्यावरणाचे रिपोर्ट करून देणाऱ्या. "आई, एक surprise आहे," एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं. वैजयंतीताईंनी मलाही बोलावलं. त्यांचं घर लहान, म्हणून मी पार्कमध्येच एक कॅराव्हान घेतली.

रविवारी दुपारी मंडपात गर्दी जमली. प्रॉसर पुदिन्याच्या गोळ्या चघळत सगळ्यांशी हात मिळवत फिरत होता. मंचावरून त्याने पुकारलं ते अंशुमनचं नाव. या पार्कचा कार्बन-न्यूट्रल रिपोर्ट अंशुमनच्या फर्मने केला होता, आणि टीमचा प्रमुख तोच होता. इतकंच नाही, तर प्रॉसरला आईच्या कामाकडे वळवणाराही तोच. कुरण मोठं होईल तसं पार्कचा सगळा धूर ते शोषून घेईल, असं त्याने पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं. शेवटी म्हणाला, "And the first person who planted this meadow is my mum." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

वैजयंतीताईंचे डोळे भरून आले. मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "पाहिलं का, नीना? माझ्यासाठी केलं त्याने हे." त्यांना तेवढं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. मग जेवण झालं. पर्यावरणाचा सोहळा म्हणून मांस ठेवलं नव्हतं. मोठमोठ्या जाळ्यांवर मक्याची कणसं भाजत होते, हवी तेवढी घ्या. शेकडो माणसांनी कणसं खाल्ली. मीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीताई विश्रांती घेणाऱ्या नव्हत्या. दुपारी मोठी ओहोटी होती. "चल, पानं पुसून येऊ," म्हणून त्यांनी मला बूट दिले. एम्लिन त्याच्या टोपल्या आवरत किनाऱ्यावर होता. आम्ही कुरणापर्यंत गेलो आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

आधी मला वास आला. शेडमधल्या सडक्या अंड्यांचा नव्हे. गोडसर, कोमट, ओळखीचा वास, आमच्या लॅबमधला. गवतावर राखाडी फेसाचा पट्टा पडला होता. पानांच्या गुंत्यात पांढऱ्या चिंध्या अडकल्या होत्या. मला क्षणभर प्लास्टिक वाटलं. ते वेट वाइप्स होते, लोक टॉयलेटात टाकतात ते ओले रुमाल. आणि चिखलभर, पानापानांवर, पिवळे ठिपके.

वैजयंतीताई वाकल्या. हातमोजा घातलेल्या बोटांनी एक ठिपका उचलला. मक्याचा दाणा. सबंध, न पचलेला.

मका माणसाच्या पोटात कसा टिकतो हे आम्हा दोघींना सांगायला नको होतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. काल मी दोन कणसं खाल्ली होती आणि आज सकाळी त्याच पार्कातल्या टॉयलेटला गेले होते. मी तोंड फिरवलं आणि चिखलातच ओकले.

"ओक, ओक," त्या शांतपणे म्हणाल्या. "ओकायचीच गोष्ट आहे." मग एम्लिनला हाक मारून त्यांनी तो दाणा दाखवला.

एम्लिनने पाइप तोंडातून काढला. "गायीसुद्धा मका खातात," तो हळूच म्हणाला. "ह्यूवरच ढकलतील." मग त्याने बुटाच्या टोकाने एक पांढरी चिंधी उलटी केली. "पण ह्यूच्या गायी वेट वाइप्स वापरत नाहीत."

वैजयंतीताईंनी अंशुमनला फोन लावला. "खाली ये. आत्ता. नाही, नंतर नाही." तो आला तो पांढऱ्या ट्रेनर्समध्ये, प्रॉसरबरोबरची कॉफी अर्धवट टाकून. पहिल्या दहा पावलांतच घोट्यापर्यंत रुतला.

"आई, शूजची वाट लागली. काय झालं?"

"तू कधी आलावता इथवर? रिपोर्ट लिहायच्या आधी?"

"Site visit बजेटमध्ये नव्हता. Satellite data होता ना, चांगली quality होता." त्याचं मराठी चिडला की असंच अडखळे. मग त्याचं लक्ष खाली गेलं. त्याने नाक धरलं. "Oh my God. हे काय आहे?"

"कालची पार्टी."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो इकडेतिकडे बघू लागला, जणू कोणी पाहत तर नाही ना. मला ते फार वाईट दिसलं. तो म्हणाला, "आई, listen. Sewage आमच्या scope मध्ये नव्हती. आम्ही फक्त कार्बन मोजतो. मैल्याच्या टाकीचं काम वेगळ्या लोकांचं आहे."

"काय बोलून राहिला तू?"

"मी explain करतोय. रिपोर्ट चुकीची नाही आहे. Technically."

वैजयंतीताईंनी हातातला दाणा त्याच्यासमोर धरला. "अंशू, मी जन्मभर लॅबमध्ये लोकांचं गू पाहिलं. प्रत्येक डबीवर नाव होतं. आजारी माणूस लाजतो, तरी नाव लिहून देतो. अन् हे बघ. इतक्या लोकांचं, अन् कोणाचंच नाही. तुझ्या स्कोपमध्ये नाही, मालकाच्या नाही. मग माझ्या गवतावर कोणी आणून टाकलं?"

तो इंग्रजीत म्हणाला, "Please, not in front of everyone." तिथे मी आणि एम्लिन, दोघंच होतो.

त्याच दुपारी आम्ही खाडीला मिळणाऱ्या ओढ्याच्या काठाने पार्ककडे वर गेलो. अंशुमन मागोमाग आला. पार्कच्या मागच्या कुंपणाशी ब्लॅकबेरीचं दाट जाळं होतं. एम्लिनने काठीने ते बाजूला केलं. आत एक जाड पाइप, तोंडाला हिरवी जाळी, जाळीला लोंबणाऱ्या चिंध्या, आणि संथपणे गळणारं राखाडी पाणी. पाऊस पडून कितीतरी दिवस झाले होते. खाली जिथे ओढा वाळूत पसरतो तिथे मुलं बादल्या घेऊन धरण बांधत बसली होती. एका छोटीने ओली बोटं तोंडात घातली. वैजयंतीताई ओरडत खाली धावल्या. त्या मुलीची आई आधी चिडली, मग ऐकून पांढरीफटक पडली.

प्रॉसर स्वतःच आला. बहुतेक कोणीतरी कळवलं असावं. हात पुढे करत म्हणाला, "मिसेस खेर्डेकर, काही गैरसमज झालाय का?"

त्यांनी हात मागे घेतला. "आधी धुऊन या."

तो हसला. म्हणाला, सुट्टीच्या गर्दीने टाकीवर जरा ताण आला, क्वचित होतं असं. मग आवाज खाली आणून म्हणाला, हेलेडला बोटीची गरज आहे ना, त्याबद्दल आपण बोलू. त्याच्या तोंडाला पुदिन्याचा वास येत होता आणि मागे तो पाइप गळत होता. दोन्ही वास एकदम नाकात गेले ते मी अजून विसरलेले नाही. पुदिन्याची चटणी मी तेव्हापासून करत नाही.

सगळ्यात वाईट मात्र पुढेच होतं. हेलेडला सांगितलं तेव्हा ती रडली, संतापली, आणि मग म्हणाली, "गुपचूप दुरुस्त करून घेऊ या का? तो गेला तर पुढच्या वर्षीचं काम बंद पडेल. कुरण वाचवायचं म्हणून मी म्हणते."

वैजयंतीताई उठून शेडबाहेर गेल्या. मी मागे गेले तर भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. "मळमळतंय," म्हणाल्या. "त्या प्रॉसरचं नाही गं वाटत काही. तो तसाच आहे. पण ही पोरगी! अन् माझा पोरगा! शिकलेली, चांगली पोरं. दोघंही नाक धरून म्हणतात, जरा थांबा, झाकण लावू."

त्यांनी झाकण लावू दिलं नाही. एम्लिनला घेऊन त्यांनी पर्यावरण खात्याला कळवलं, ह्यूलाही बरोबर नेलं. जाण्याआधी त्याच्या दारात उभं राहून त्यांनी माफी मागितली. गावात त्याची माफी मागणारं ते पहिलं माणूस. माणसं आली, नमुने नेले. तपासात निघालं ते असं: प्रॉसरने पार्कमधल्या कॅराव्हान दुपटीहून जास्त केल्या होत्या आणि टाकी जुनीच ठेवली होती. भरली की पंपाने ओढ्यात सोडत. म्हणजे सगळा उन्हाळाभर, आम्ही पानं पुसत होतो तेव्हाही. पार्क त्या सीझनपुरतं बंद झालं, पुढे खटला होऊन दंड झाला.

गावाने वैजयंतीताईंना डोक्यावर घेतलं असेल असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. पार्क बंद झाल्यावर चिप्सच्या दुकानाचा धंदा बसला, पबमधल्या पोरींची कामं गेली. "बाहेरून आलेल्या बाईने" असं लोक बोलू लागले. ज्यांनी ह्यूच्या फाटकावर रंग फासला त्यांनी तो पुसलाही नाही. ह्यूनेच पुसला. हेलेडने कामाला येणाऱ्या गावकऱ्यांची सभा घेतली. प्रॉसरचे पैसे परत करायचे की नाही यावर भांडण झालं आणि अगदी थोड्या मतांनी ठरलं, करायचे. हेलेडने स्वतः हात वर केला तो सगळ्यात शेवटी. बोट मिळाली नाही. एम्लिन म्हणाला, माझी आहे की. एवढंच बोलला.

किनाऱ्याकडचं अर्धं कुरण मेलं. शरद ऋतूत मी गेले तेव्हा तिथे काळा, सडका चिखल होता, त्यावर पांढरट बुरशीसारखी साय. पाय घातला की बुडबुडे येत. वैजयंतीताई त्यावरून चालताना नाकाला रुमाल लावत नव्हत्या. "माझ्या हाताने लावलं होतं," म्हणाल्या. समुद्राकडचा पट्टा मात्र जगला होता. पानं मळकट, पण मुळं घट्ट.

आणि अंशुमन? त्याने फर्मला रिपोर्ट मागे घ्यायला सांगितलं. निदान तसा ई-मेल लिहिला. फर्मने त्याला त्या कामावरून काढून दुसऱ्याला बसवलं, आणि रिपोर्टवरचं त्याचं नाव तेवढं वगळलं. त्याने नोकरी सोडली नाही. मँचेस्टरला घराचं कर्ज होतं, बायकोला बाळ होणार होतं. वैजयंतीताई हिवाळाभर त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. पुण्याहून अवधूतराव समजूत घालायला लागले की, "तुमची नदी कशी आहे?" एवढंच विचारत. ते बिचारे विषय बदलत.

फेब्रुवारीत पेरणीच्या दिवशी मी तिथे होते. थंडीने बोटं वळत नव्हती. एम्लिनची बोट बाहेरच्या बाजूला उभी होती, हेलेड पिचकाऱ्या भरत होती. अंशुमन न सांगता आला. या वेळी रबरी बूट आणले होते, नवेकोरे, दुकानाचं लेबल चिकटलेलं. आईसमोर येऊन उभा राहिला. त्यांनी एक पिचकारी त्याच्या हातात दिली आणि कुठून सुरू करायचं ते मानेने दाखवलं. ती होती मेलेल्या पट्ट्याची कड, सगळ्यात घाण जागा.

तो खाली वाकला. पहिल्यांदा टोचल्याबरोबर चिखलातून वास उसळला आणि त्याला जोराची ओकारी आली. त्याने तोंड बाहीला पुसलं, पुन्हा वाकला. भरतीचं पाणी दिसू लागेपर्यंत तो वाकलेलाच होता. त्याची ओळ वाकडीतिकडी गेली होती. त्याच्या मागून जाऊन वैजयंतीताईंनी काही बी पुन्हा पेरलं.

परत येताना त्याने विचारलं, "आई, अजून रागवलीयेस?"

त्यांनी बुटांचा चिखल झटकला. "राग नाही रे आता. पण तुझ्याजवळ बसले की तो वास येतो. खोटं काय बोलू?" मग म्हणाल्या, "घरी चल. आधी आंघोळ कर, मग जेवू. सुनेला काय काय खावंसं वाटतं ते सांग."

तो रडत होता की थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं, मला सांगता येणार नाही.

मे महिन्यात त्यांनी मला फोटो पाठवला. काळ्या चिखलात चार-पाच हिरव्या काड्या, त्यातली एक कुरतडलेली. पुढच्याच आठवड्यात गोल्डन कोव्ह नवी टाकी बसवून पुन्हा उघडलं. गेटवर नवा फलक आला: 'पोर्थगारूच्या स्वच्छ किनाऱ्याचे अभिमानी रखवालदार.' प्रॉसरने उद्घाटनाला वैजयंतीताईंना बोलावलं होतं, फुलांचा गुच्छ पाठवून.

"गुच्छाचं काय केलं?" मी फोनवर विचारलं.

"ह्यूच्या गायींनी खाल्ला," त्या म्हणाल्या. "ठेवते फोन. एम्लिन थांबलाय, पाणी उतरलंय."